गुडघ्यांची झीज : बलवर्धक व्यायाम आणि पूरक पदार्थ

मनुष्याच्या शरीरातील सांध्यांमध्ये गुडघ्याचा सांधा सर्वांत मोठा होय. उभे राहणे, चालणे, जिना चढणे व उतरणे, मांडी घालून पंगतीस बसणे या सर्व क्रियांचा भार त्याच्यावर पडतो. वय वाढू लागले म्हणजे सांध्यांपैकी पहिली तक्रार बहुधा त्याचीच ऐकू येते. या तक्रारीचे नेहमीचे कारण म्हणजे संधिझीज. पाश्चात्त्य वैद्यकात तिला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. आयुर्वेदात तिचे वर्णन संधिगतवात या नावाने केलेले आढळते. २०२० साली जगातील सुमारे ५९ कोटी ५० लाख लोकांच्या कोणत्या ना कोणत्या सांध्यात ही व्याधी होती, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे प्रमाण दर तेरा माणसांमागे एक असे पडते. भारतापुरते पाहावयाचे तर पुणे, आग्रा, बंगलोर, कोलकाता व डेहराडून या केंद्रांत चाळिशीपुढील सुमारे पाच हजार व्यक्तींची पाहणी करण्यात आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार त्यांपैकी २८.७ टक्के व्यक्तींच्या गुडघ्यांत झीज आढळली.

भिलाईसारख्या उद्योगनगरीत या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. सोव्हिएट संघाशी १९५५ साली झालेल्या करारान्वये येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा व विदर्भ हे एकाच राज्याचे भाग होते आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. साहजिकच मराठी भाषिक कुटुंबेही कामधंद्यासाठी येथे येऊन स्थायिक झाली. ज्या पिढीने ऐन तारुण्यात या भट्ट्या पेटविल्या ती आज नव्वदीच्या घरात आहे आणि तिच्या मुलामुलींनीही साठी गाठली आहे. ज्या कामांत वारंवार उकिडवे बसावे लागते, गुडघे टेकावे लागतात, ओझी उचलावी लागतात किंवा शिड्या चढाव्या लागतात, त्या कामांत गुडघ्यांची झीज अधिक होते, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून दिसून आले आहे. स्त्रियांमध्ये तर हे प्रमाण पुरुषांहून अधिक असते.

अशा रुग्णास दोन प्रकारचे उपाय सुचविले जातात. एक श्रमाचा, म्हणजे स्नायूंचे बळ वाढविणाऱ्या व्यायामाचा. आणि दुसरा गोळ्या व चूर्णांच्या रूपाने मिळणाऱ्या पूरक पदार्थांचा. या दोहोंपैकी कोणाचे काम किती, आणि दोन्ही एकत्र केल्यास अधिक लाभ होतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

गुडघ्याची रचना

मांडीचे हाड व नडगीचे हाड जेथे एकमेकांस भेटतात तेथे त्यांची टोके कूर्चेच्या गुळगुळीत थराने आच्छादलेली असतात. हा थर काही मिलिमीटर जाडीचाच असतो. त्यात पाण्याचा अंश फार मोठा असून उरलेला भाग मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा व पाणी धरून ठेवणाऱ्या शर्करायुक्त प्रथिनांचा असतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. मग तिचे पोषण कसे होते? सांध्यावर भार पडला की ओल्या स्पंजाप्रमाणे कूर्चेतून द्रव बाहेर येतो. भार हटला की सभोवतालचा संधिद्रव, त्यातील पोषक द्रव्यांसह, पुन्हा आत शिरतो. यावरून वाचकांच्या ध्यानात येईल की सांध्याची हालचाल हीच कूर्चेच्या पोषणाची वाट होय. गुडघा झिजला म्हणून त्याला कायमची विश्रांती देणे म्हणजे ही वाट बंद करणे होय.

संधिझीज म्हणजे केवळ यंत्राच्या भागाप्रमाणे घासून जाणे नव्हे. तीत कूर्चा पातळ होते, तिच्याखालील हाड कठीण होते, कडेला हाडाचे अंकुर फुटतात, सांध्याच्या अस्तरास सौम्य दाह होतो आणि भोवतालचे स्नायू दुर्बळ होतात. व्याधी अशी संपूर्ण सांध्याची असते. क्ष-किरण चित्रात फार झीज दिसूनही काहींना वेदना अल्प असतात, तर चित्र बरेच चांगले असूनही काही जण त्रस्त असतात. म्हणून चित्र पाहूनच आशा सोडून देणे योग्य नव्हे.

स्नायूंचे कार्य

मांडीच्या पुढील बाजूस चार मुखांचा एक बळकट स्नायू असतो; त्यास चतुःशिरस्क असे म्हणतात. तो वाटीमार्फत नडगीस जोडलेला असून गुडघा सरळ करणे हे त्याचे काम. परंतु त्याचे याहून महत्त्वाचे काम रोधकाचे, म्हणजे गाडीच्या ब्रेकासारखे आहे. पायरी उतरताना किंवा टाच जमिनीवर टेकताना हा स्नायू ताणाखाली हळूहळू लांबतो आणि धक्क्याचा काही भाग स्वतःवर घेतो.

हे धक्के किती मोठे असतात? बर्लिन येथील संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यात मापक बसवून काही रुग्णांमध्ये हा भार प्रत्यक्ष मोजला व २०१० साली तो प्रसिद्ध केला. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट, जिना चढताना सुमारे ३.२ पट व उतरताना सुमारे ३.५ पट भार येतो, असे त्यांना आढळले. ६० किलो वजनाच्या मनुष्याच्या गुडघ्यावर जिना उतरताना प्रत्येक पावलागणिक दोनशे किलोंहून अधिक भार येतो, असा याचा अर्थ. जिना चढण्यापेक्षा उतरणे अधिक दुखते, अशी जी तक्रार घरोघरी ऐकू येते तिचे मूळ येथे आहे.

वेदना होऊ लागल्या की मनुष्य चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की स्नायू रोडावतात, स्नायू रोडावले की सांध्यास आधार मिळेनासा होतो आणि वेदना वाढतात. असे हे दुष्टचक्र आहे. त्यातच वजन वाढते. अमेरिकेतील एका अभ्यासात (२००५) असे दिसून आले की शरीराचे वजन एक किलोने घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो. हे चक्र जेथे तोडता येते ते ठिकाण म्हणजे स्नायू. कारण झिजलेली कूर्चा पूर्ववत करण्याचा खात्रीचा उपाय आज उपलब्ध नाही, परंतु स्नायू मात्र ऐंशीव्या वर्षीही बळावतात.

व्यायामाचा पुरावा

क्रमाक्रमाने भार वाढवीत स्नायू बळकट करण्याची पद्धत अमेरिकन वैद्य थॉमस डीलॉर्म यांनी १९४५ साली शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. दुसऱ्या महायुद्धात गुडघे दुखावलेल्या सैनिकांवर त्यांनी ती वापरली होती. पुढे १९९७ साली साठीवरील ४३९ रुग्णांचा दीड वर्षाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात चालण्याचा व्यायाम करणारे व भार उचलण्याचा व्यायाम करणारे असे दोन्ही गट, नुसते आरोग्यशिक्षण घेणाऱ्या गटाच्या तुलनेत, वेदना व हालचाल या दोन्ही बाबतींत काहीसे सरस ठरले. त्यानंतर असे शंभराहून अधिक प्रयोग झाले आहेत. त्यांचा एकत्रित आढावा २०२४ साली घेण्यात आला. व्यायामाने वेदना व हालचाल यांत सुधारणा होते, मात्र ती सरासरीने माफक असते, असे त्यातून निष्पन्न झाले.

हा निष्कर्ष निराशाजनक नाही. तो केवळ प्रामाणिक आहे. व्यायाम हा चमत्कार नव्हे. तो सोडला की मिळालेले बळ काही महिन्यांत ओसरते. परंतु त्याबरोबर झोप, मधुमेह, रक्तदाब, तोल सांभाळणे या सर्वांसही लाभ होतो, आणि हा लाभ कोणत्याही गोळीत नाही. २०१९ साली सिद्ध झालेल्या अमेरिकन संधिरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेत व २०२२ सालच्या ब्रिटिश मार्गदर्शिकेतही व्यायामास अग्रस्थान दिले आहे.

भार जितका अधिक तितका लाभ अधिक, असेही नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ३७७ रुग्णांच्या प्रयोगात जड भाराचा व्यायाम दीड वर्ष करणाऱ्यांच्या वेदना हलक्या भाराचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी झाल्या नाहीत. सर्वसामान्य वाचकास ही वार्ता दिलासा देणारी आहे. त्याला महागड्या व्यायामशाळेची गरज नाही. खुर्ची, पायरी व वाळूची पिशवी एवढे साहित्य पुरेसे आहे.

पूरक पदार्थांची परीक्षा

बाजारात या व्याधीवर जे पूरक पदार्थ मिळतात त्यांत ग्लुकोसामाइन व कॉन्ड्रॉइटिन ही नावे अग्रगण्य आहेत. दोन्ही पदार्थ कूर्चेच्या घटकांशी संबंधित आहेत. म्हणून ते खाल्ल्यास कूर्चा भरून येईल, असा तर्क केला गेला. तर्क आकर्षक खरा. परंतु पोटात गेलेला पदार्थ जसाच्या तसा गुडघ्यात जाऊन बसत नाही. अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर चोवीस आठवडे घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. औषधी गुण नसलेली निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ६०.१ टक्के रुग्णांना आराम वाटला. ग्लुकोसामाइन घेणाऱ्यांत हे प्रमाण ६४, कॉन्ड्रॉइटिन घेणाऱ्यांत ६५.४ व दोन्ही घेणाऱ्यांत ६६.६ टक्के होते. हा फरक इतका अल्प होता की तो योगायोगाचाही असू शकेल. ज्यांच्या वेदना तीव्र होत्या अशा लहान गटात दोन्ही एकत्र दिल्याने बराच गुण आलेला दिसला. परंतु तेवढ्यावरून निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. वर उल्लेखिलेल्या दोन्ही मार्गदर्शिकांनी गुडघ्याच्या झिजेसाठी ग्लुकोसामाइन देऊ नये असेच म्हटले आहे.

निष्क्रिय गोळीनेही दहांपैकी सहा जणांना बरे वाटते, ही गोष्ट वाचकांनी नीट लक्षात ठेवावी. संधिझिजेच्या वेदनांना स्वभावतःच भरती-ओहोटी असते. मनुष्य गोळी सुरू करतो ती बहुधा भरतीच्या वेळी. पुढे ओहोटी आली की श्रेय गोळीस मिळते. शेजाऱ्याच्या अनुभवावरून औषधाची परीक्षा होत नाही, ती याच कारणाने.

भारतीय वनस्पतींची परीक्षाही आपल्याकडे झाली आहे. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या एका राष्ट्रीय उपक्रमात पुण्याचे संधिरोगतज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४० रुग्णांवर चोवीस आठवड्यांची चाचणी केली. डॉ. चोप्रा यांनी १९९६ पासून पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे संधिरोगांची जी ग्रामीण पाहणी केली, ती या विषयातील एक पायाभूत कार्य मानली जाते. प्रस्तुत चाचणीत गुळवेल, सुंठ, आवळा व सालई यांच्या अर्कांची दोन मिश्रणे एका बाजूस आणि ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक दुसऱ्या बाजूस, अशी तुलना होती. कोणास काय दिले आहे हे रुग्णास किंवा वैद्यास ठाऊक नव्हते. आयुर्वेदीय मिश्रणे इतर दोहोंच्या तोडीची ठरली, असे २०१३ साली जाहीर झाले.

या निष्कर्षाचे मोल मोठे आहे. तथापि त्याबरोबर दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की या चाचणीत निष्क्रिय गोळीचा गट नव्हता. त्यामुळे आरामाचा किती भाग औषधाचा व किती भाग व्याधीच्या नैसर्गिक ओहोटीचा, हे तीवरून ठरत नाही. दुसरी अशी की आयुर्वेदीय मिश्रणे घेणाऱ्या सात रुग्णांच्या रक्तात यकृतावरील ताण दर्शविणारे द्रव्य वाढल्यामुळे त्यांना चाचणीतून वगळावे लागले. औषध थांबविल्यावर ते पूर्ववत झाले. ‘वनस्पतीचे आहे, म्हणून अपाय नाही’ ही समजूत बरोबर नाही, याचा हा आपल्याच देशातील पुरावा होय. सालईचे वृक्ष मध्य भारतातील कोरड्या रानांत विपुल आहेत व त्याचा डिंक आपल्या परिचयाचा आहे. परंतु परिचय म्हणजे निर्धोकपणाची हमी नव्हे. हळदीतील कर्क्युमिनने वेदना कमी झाल्याचे काही लहान चाचण्यांत दिसले आहे. पण त्याच्या तीव्र अर्काच्या गोळ्यांनीही क्वचित यकृतास इजा झाल्याची उदाहरणे आहेत. भाजीत पडणाऱ्या हळदीविषयी ही शंका बाळगण्याचे कारण नाही.

ड जीवनसत्त्वाविषयी थोडक्यात सांगायचे तर, शरीरात त्याची उणीव असल्यास ती भरून काढणे हाडांसाठी व स्नायूंसाठी आवश्यकच आहे. परंतु केवळ गुडघ्याची झीज रोखण्यासाठी ते दोन वर्षे देऊन पाहिलेल्या २०१३ व २०१६ सालच्या प्रयोगांत कूर्चेची हानी थांबली नाही. अतिरिक्त मात्रेने रक्तातील कॅल्शियम वाढून अपाय होतो, हेही ध्यानात ठेवावे.

दोहोंची सांगड

आता मूळ प्रश्नाकडे वळू. व्यायामास पूरक पदार्थाची जोड दिली तर? याच प्रश्नावर ८९ वृद्ध रुग्णांवर एक वर्षाचा प्रयोग झाला व तो २००७ साली प्रसिद्ध झाला. पहिले सहा महिने काहींना ग्लुकोसामाइन व कॉन्ड्रॉइटिन आणि इतरांना निष्क्रिय गोळी देण्यात आली. पुढील सहा महिने सर्वांकडून त्याबरोबर व्यायामही करवून घेण्यात आला. अखेरीस दोन्ही गटांत उल्लेखनीय फरक दिसला नाही. थोडक्यात, व्यायाम करणाऱ्यास त्या गोळीने विशेष काही अधिक दिले नाही.

क्रिएटिन नावाच्या पदार्थाचा अनुभव थोडा वेगळा आहे. तो कूर्चेचा घटक नसून स्नायूंच्या शक्तिसाठ्याचा आहे. ब्राझीलमध्ये गुडघ्याची झीज असलेल्या, ऋतुनिवृत्ती झालेल्या स्त्रियांना बारा आठवडे बलवर्धक व्यायामाबरोबर क्रिएटिन दिले असता खुर्चीतून वारंवार उठण्याची त्यांची क्षमता अधिक सुधारली, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. प्रयोग लहान होता, म्हणून त्यावरून सरसकट सल्ला देता येत नाही. परंतु त्यातून एक दिशा सूचित होते. पूरकाने साहाय्य करावयाचे तर ते स्नायूस करावे.

आणि स्नायूचे सर्वांत खात्रीचे पूरक म्हणजे आहारातील प्रथिने. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीस दररोज शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. ६० किलोंच्या व्यक्तीस सुमारे ५० ग्रॅम. वृद्धांस याहून थोडी अधिक, म्हणजे दर किलोमागे सुमारे एक ग्रॅम, असावीत असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. छत्तीसगडचे मुख्य अन्न भात. शंभर ग्रॅम कोरड्या तांदळात जेमतेम आठ ग्रॅम प्रथिने असतात. भाताबरोबरचे वरण पातळ आणि वाटी लहान असली, तर पोट भरते पण स्नायू उपाशी राहतात. ५० ग्रॅम कोरड्या डाळीतून सुमारे ११, अर्धा लिटर दुधातून १६, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७ आणि एका अंड्यातून ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. महिन्याचे निवृत्तिवेतन मोजून खर्च करणाऱ्या कुटुंबाने गोळ्यांच्या डबीऐवजी हा पैसा प्रथम डाळ व दूध यांकडे वळवावा, हे अधिक शहाणपणाचे होय.

प्रत्यक्ष व्यायाम

पुढील व्यायाम आठवड्यातून दोन ते तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून करावेत. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, व अशी दोन आवर्तने. प्रारंभी भौतिकोपचारतज्ज्ञाकडून ते एकदा पाहून घ्यावेत.

१. गुडघा दाबणे. पाय लांब करून बसावे. गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवून ती गुडघ्याने खाली दाबावी. पाच अंक मोजून सैल सोडावे.

२. सरळ पाय उचलणे. उताणे झोपून एक गुडघा दुमडावा. दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा, क्षणभर थांबून सावकाश खाली आणावा.

३. बसून पाय सरळ करणे. खुर्चीवर बसून एक पाय पूर्ण सरळ करावा. हे सोपे वाटू लागल्यावर घोट्याभोवती अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधावी व काही आठवड्यांनी भार थोडा थोडा वाढवावा.

४. कुशीवर पाय उचलणे. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलावा. याने नितंबाचे स्नायू बळावतात व चालताना गुडघा आत झुकत नाही.

५. उठणे-बसणे. उंच खुर्चीतून, शक्यतो हातांचा आधार न घेता उठावे आणि तीन अंक मोजीत सावकाश बसावे.

६. पायरी. कठड्यास धरून बुटक्या पायरीवर चढावे व हळूहळू उतरावे.

शेवटचे दोन व्यायाम सर्वांत उपयुक्त होत. कारण त्यांत स्नायूचे रोधकाचे काम घडते. त्याशिवाय रोज सपाट रस्त्यावर जमेल तितके चालावे. भिलाईच्या उन्हाळ्यात पहाटेची वेळ त्यास उत्तम.

वेदना किती सोसावी? शून्य म्हणजे वेदना नाही व दहा म्हणजे असह्य, असे माप धरले तर पाचापर्यंतची वेदना चालेल. मात्र ती दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्वपदावर आली पाहिजे. न आल्यास आवर्तने कमी करावीत, व्यायाम सोडू नये. बहुतेकांस फरक जाणवण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत निर्णय देऊ नये.

सावधगिरी

गुडघा एकाएकी लाल व गरम होऊन सुजला, ताप आला, सांधा मध्येच अडकू लागला, रात्री विश्रांतीतही वेदना थांबेना, किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर व्यायाम थांबवून त्वरित वैद्याकडे जावे. छत्तीसगडमध्ये सिकलसेल हा रक्तविकार बराच आढळतो व त्यामुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खंडित होऊ शकतो. खुब्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात जाणवते. यास्तव तरुण व्यक्तीच्या गुडघेदुखीस झीज समजून स्वस्थ बसू नये.

रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन घेणाऱ्यांनी ग्लुकोसामाइन किंवा कॉन्ड्रॉइटिन वैद्यास विचारल्याविना घेऊ नये. रक्तस्रावाचा धोका वाढतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढविण्यापूर्वी किंवा क्रिएटिन घेण्यापूर्वी सल्ला घ्यावा. शाकाहारी वाचकांनी हेही जाणून असावे की ग्लुकोसामाइन बहुधा खेकडे व कोळंबी यांच्या कवचांपासून आणि कॉन्ड्रॉइटिन प्राण्यांच्या कूर्चेपासून मिळवितात. आपल्याकडे पूरक पदार्थांचे नियमन अन्नसुरक्षा कायद्याखाली होते व अशा पदार्थांच्या वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. ही ओळ बारीक अक्षरांत असली तरी विकत घेण्यापूर्वी ती अवश्य वाचावी.

समारोप

सारांश असा की व्यायाम हा या उपचाराचा पाया आहे, पुरेसा प्रथिनयुक्त आहार व आटोक्यातील वजन हे त्याचे खांब आहेत, आणि गोळी-चूर्ण ही फार तर एखादी पडवी आहे. पाया नसता पडवी बांधून उपयोग नाही. ज्यास वैद्याच्या संमतीने एखादे पूरक घेऊन पाहावयाचे असेल त्याने ते तीन महिने घ्यावे, दर आठवड्यास वेदना व चालण्याचे अंतर वहीत टिपावे, आणि फरक न दिसल्यास ते बंद करावे. व्यायामास मात्र अशी मुदत नाही. दात घासणे जसे आपण बरे होईपर्यंत करीत नाही, तर आयुष्यभर करतो, तद्वत मांडीच्या स्नायूंची ही निगा उतारवयाचा नित्यक्रम झाली पाहिजे. आपल्या पायांनी बाजारात जाणे, नातवंडांबरोबर जिना उतरणे, कोणाच्या हाताविना खुर्चीतून उठणे हे स्वातंत्र्य ज्यास टिकवावयाचे आहे, त्याने व्यायामाची सुरुवात उद्यावर ढकलू नये.